तपासून घेतलेल्या माणसाला टीबी होतोच कसा?

इंग्लंडमध्ये क्षयरोगाचे रुग्ण २०२३ साली वाढले, २०२४ साली पुन्हा वाढले. त्यातले साधारण पाचांपैकी चार रुग्ण ब्रिटनबाहेर जन्मलेले होते. अशी बातमी आली की ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, येणाऱ्यांना दारातच अडवा. दुसरी बाजू म्हणते, परदेशी माणूस आणि टीबी हे शब्द एका वाक्यात आणणं हाच मुळी द्वेष आहे. या गदारोळात एक साधा प्रश्न राहून जातो. ज्या देशांत टीबीचं प्रमाण जास्त आहे तिथून सहा महिन्यांहून जास्त मुक्कामासाठी ब्रिटनला जाणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रौढ माणसाला व्हिसाआधी छातीचा एक्स-रे काढावा लागतो. भारत, पाकिस्तान, नायजेरिया, फिलिपिन्स हे सगळे त्या यादीत आहेत. आजार नाही असं प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय व्हिसा मिळत नाही. मग हे रुग्ण येतात कुठून?

तपासणीतून काही जण निसटतात, हे खरं. पण मोठं कारण वेगळंच आहे आणि ते या आजाराच्या स्वभावात आहे. तो स्वभाव कळला की सीमेवरच्या तपासणीकडून काय अपेक्षा ठेवावी आणि काय ठेवू नये, हेही आपोआप कळत जातं.

संसर्ग वेगळा, आजार वेगळा

टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जगासमोर मांडला. म्हणून २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. हा जंतू हवेतून पसरतो. फुप्फुसाचा टीबी झालेला माणूस खोकतो, बोलतो तेव्हा अतिसूक्ष्म थेंब हवेत तरंगत राहतात आणि कोंदट खोलीत बराच वेळ सोबत असलेल्या माणसाच्या श्वासातून आत जातात. ताट-वाटी, कपडे, हस्तांदोलन यांतून तो पसरत नाही. रस्त्यावर क्षणभर शेजारून गेलेल्या माणसाकडून तो लागण्याची शक्यताही फारच कमी असते.

जंतू शरीरात शिरला म्हणजे माणूस आजारी पडला असं होत नाही. बहुतेकांच्या शरीरात प्रतिकारशक्ती जंतूला घेरून टाकते. जंतू मरत नाही, पण वाढतही नाही. राखेखाली निखारा राहावा तसा तो वर्षानुवर्षं, कधी आयुष्यभर, तसाच पडून असतो. या अवस्थेला सुप्त क्षयरोग म्हणतात. सुप्त क्षयरोग असलेल्या माणसाला खोकला नसतो, ताप नसतो, वजन घटत नाही, एक्स-रे स्वच्छ येतो आणि त्याच्यापासून कुणालाही लागण होत नाही. जगातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांना कधी ना कधी हा संसर्ग झालेला आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे सुप्त क्षयरोग ही फार मोठ्या जनतेची अवस्था आहे, मूठभर परदेशी माणसांची नव्हे.

संसर्ग झालेल्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांना पुढे आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष आजार होतो. धोका पहिल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त असतो, पण तो नंतरही पूर्ण संपत नाही. एचआयव्ही, मधुमेह, कुपोषण, धूम्रपान, दारूचं व्यसन यांनी तो वाढतो. राख उडवणाऱ्या गोष्टी या.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे पाहा. व्हिसाच्या वेळी काढलेला एक्स-रे हा त्या दिवशीच्या फुप्फुसाचा फोटो आहे. माणूस आज आजारी आहे का, एवढंच तो सांगतो. पुढच्या वर्षी, पाच वर्षांनी काय होईल हे सांगायची ताकद त्याच्यात नाही. इंग्लंडमध्ये सापडणाऱ्या परदेशी रुग्णांपैकी अनेकांचा आजार तिथे येऊन काही वर्षं उलटल्यावर उघड होतो. त्यांच्या प्रमाणपत्रात काही खोटं नव्हतं. त्या दिवशी ते खरोखरच निरोगी होते.

आणखी एक पेच आहे. टीबी फक्त फुप्फुसाला होत नाही. मानेच्या गाठी, मणका, मेंदूचं आवरण, पोट, कुठेही होतो. इंग्लंडमध्ये जवळपास निम्म्या रुग्णांना फुप्फुसाबाहेरचा टीबी असतो. छातीच्या एक्स-रेला तो दिसणार कसा? पण असा टीबी बहुधा दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे सीमेवरच्या तपासणीने तो हुकवला तर नुकसान होतं ते त्या रुग्णाचं, शेजाऱ्याचं नव्हे. वादात हा फरक कुणी करत नाही.

एक्स-रे, काचपट्टी, कल्चर

तपासणीच्या पायऱ्या बहुतेक देशांत सारख्याच आहेत. आधी लक्षणं विचारतात, मग छातीचा एक्स-रे. एक्स-रेत संशयास्पद काही दिसलं तर थुंकीची तपासणी. इथे थुंकी म्हणजे तोंडातली लाळ नव्हे, छातीतून खोकून काढलेला बेडका. बरेच नमुने लाळेचे येतात आणि तपासणी तिथेच फुकट जाते.

बेडका तीन प्रकारे तपासता येतो. पहिला, काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. स्वस्त आणि झटपट, पण एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असतील तरच डोळ्याला दिसतात. दुसरा, कल्चर. म्हणजे नमुना पोषक द्रव्यात ठेवून जंतू वाढू देणं. मोजके जंतू असले तरी सापडतात आणि कोणतं औषध त्यांच्यावर चालतं हेही कळतं, पण निकालाला काही आठवडे लागतात. तिसरा, जंतूच्या जनुकीय खुणा शोधणारं यंत्र. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली अशा पहिल्या चाचणीला मान्यता दिली. दोनेक तासांत टीबी आहे का आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतो का, हे ती सांगते.

यातली कोणती चाचणी निवडता यावर किती फरक पडतो हे अमेरिकेला थायलंडमधल्या एका निर्वासितांच्या वस्तीने शिकवलं. लाओसमधून आलेले हमाँग जमातीचे लोक वाट थाम क्राबोक या बौद्ध मठाच्या आवारात वर्षानुवर्षं राहत होते. २००४ साली त्यांतल्या सुमारे १५ हजार लोकांना अमेरिकेत वसवायला सुरुवात झाली. त्या वेळच्या नियमाप्रमाणे एक्स-रे आणि काचपट्टी तपासून लोक विमानात बसत होते. २००५ च्या सुरुवातीला अमेरिकेत पोचलेल्यांमध्ये बहुऔषधरोधक टीबीचे रुग्ण सापडले. आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन या दोन्ही मुख्य औषधांना दाद न देणारा तो बहुऔषधरोधक. रवानगी काही काळ थांबवावी लागली, वस्तीत नव्याने कल्चरसह तपासण्या झाल्या, रुग्णांवर तिथेच उपचार झाले आणि मग लोक पुढे गेले.

त्यानंतर अमेरिकेने २००७ च्या नियमांत कल्चर सक्तीचं केलं. पुढच्या काही वर्षांत नव्या पद्धतीने जे रुग्ण सापडले, त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांची काचपट्टी निगेटिव्ह होती. जुना नियम असता तर हे सगळे निरोगी म्हणून पुढे सरकले असते. सीमा अधिक कडक करण्याच्या गप्पा खूप होतात. इथे फरक पडला तो प्रयोगशाळा सुधारल्यामुळे, आणि ते काम कुंपण उंच करण्यापेक्षा कितीतरी कंटाळवाणं आहे.

तपासायचंच तर सगळ्यांना का तपासू नये?

ऐकायला सरळ वाटतं. हिशेब केला की अडचण दिसते.

समजा एक चाचणी आहे. शंभर आजारी माणसांपैकी ९० जणांना ती बरोबर पकडते आणि शंभर निरोगी माणसांपैकी ९० जणांना बरोबर सोडते. वाईट नाही. आता ही चाचणी एक लाख लोकांवर वापरू, ज्यांच्यात प्रत्यक्ष आजारी ५० आहेत. चाचणी त्यांतल्या ४५ जणांना पकडेल. पण उरलेल्या ९९,९५० निरोगी लोकांपैकी दहा टक्के, म्हणजे ९,९९५ जणांवरही ती बोट ठेवेल. संशयित म्हणून बाजूला काढलेल्या साधारण २२३ माणसांत खरा रुग्ण एक. बाकी २२२ जणांना धास्ती, थुंकीच्या तपासण्या, आठवड्यांचा खोळंबा, कदाचित हुकलेली नोकरी.

तीच चाचणी अशा लाखभर लोकांवर वापरा ज्यांच्यात ५०० आजारी आहेत. आता संशयितांपैकी दर २३ माणसांत एक खरा रुग्ण निघतो. चाचणी तीच, माणसं वेगळी आणि निकालाचा अर्थ पार बदलला. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत सर्वसाधारण लोकसंख्येच्या सरसकट तपासणीसाठी लाखामागे ५०० ही पातळी सुचवली. त्याखाली असाल तर सगळ्यांना रांगेत उभं करण्याऐवजी जास्त धोका असलेल्या गटांकडे लक्ष द्या, असा त्याचा अर्थ.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, चाळणीतून बाजूला काढलेला माणूस रुग्ण नसतो, त्याची पुढची तपासणी बाकी असते, एवढंच. दुसरी, 'तमक्या देशातून आलेले सगळे' हा गट फार ढोबळ आहे. त्या देशात टीबी किती, माणूस कोणत्या परिस्थितीत राहिला, त्याच्या घरात अलीकडे कुणाला टीबी झाला होता का, हे प्रश्न पासपोर्टच्या रंगापेक्षा कितीतरी जास्त सांगून जातात.

युक्रेनचं उदाहरण इथे बोलकं आहे. बहुऔषधरोधक टीबीचा भार जास्त असलेल्या ३० देशांच्या यादीत युक्रेन आहे. २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं आणि लाखो लोक शेजारच्या देशांत आले, तेव्हा प्रत्येकाचा एक्स-रे काढा ही मागणी होणारच होती. युरोपातल्या तज्ज्ञांचा सल्ला मात्र याच्या उलट होता. सरसकट तपासणीची गरज नाही, ज्यांना लक्षणं आहेत त्यांना लगेच तपासा आणि ज्यांचे उपचार चालू आहेत त्यांची औषधं एक दिवसही खंडित होऊ देऊ नका. येणाऱ्यांत बहुसंख्य बायका-मुलं होती आणि युक्रेनमधलं टीबीचं प्रमाण लाखामागे शंभराच्या आत होतं. वरचा हिशेब डोळ्यासमोर ठेवला की हा सल्ला भावनेतून आलेला नाही हे पटतं.

मग सुप्त क्षयरोगच आधी का शोधत नाहीत?

शोधतात, काही ठिकाणी. त्यासाठी दोन चाचण्या आहेत. त्वचेत सुई टोचून दोन-तीन दिवसांनी गाठ मोजायची ती मॅन्टू चाचणी आणि रक्ताची इग्रा. लहानपणी बीसीजीची लस घेतलेल्या माणसाची मॅन्टू फसवी पॉझिटिव्ह येऊ शकते. इग्राला लसीचा अडथळा होत नाही. पण दोन्ही चाचण्या जंतूची ओळख शरीराला झालेली आहे एवढंच सांगतात. जंतू अजून जिवंत आहे का आणि उद्या आजार होईल का, ते कळत नाही. पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकांना आजार कधीच होणार नसतो.

म्हणून या तपासणीवर व्हिसा अडवणं निरर्थक ठरतं, पण नव्या देशात आल्यावर प्रतिबंधक उपचार देण्यासाठी ती कामाची आहे. इंग्लंडने २०१५ पासून जास्त टीबी असलेल्या देशांतून अलीकडे आलेल्या १६ ते ३५ वयाच्या लोकांसाठी अशी मोफत रक्ततपासणी सुरू केली. पूर्वी आयसोनियाझिडच्या गोळ्या सहा ते नऊ महिने रोज घ्याव्या लागत. आता आठवड्यातून एकदा असे बारा डोस पुरणारी औषधांची जोडीही आहे.

अडचण आहे ती माणसाच्या बाजूने. ज्याला काहीही त्रास होत नाही, ज्याची कामाची पाळी बदलती आहे, सुट्टी घेतली तर पगार कापला जातो, त्याने आजार नसताना औषध का घ्यावं? भाषा कळत नसेल तर 'सुप्त' म्हणजे नक्की काय हे त्याला कोण समजावणार? 'तुला टीबी आहे' एवढंच ऐकू आलं तर तो पुन्हा दवाखान्याकडे फिरकणार नाही. अशा कार्यक्रमांत चाचणीला बोलावलेले, चाचणी केलेले, औषध सुरू केलेले आणि औषध पूर्ण केलेले, असे प्रत्येक पायरीवर लोक गळत जातात. इथे उत्तम दुभाषा हा उत्तम औषधाइतकाच महत्त्वाचा, आणि आरोग्य खात्यांच्या अंदाजपत्रकात तो बहुधा शेवटी येतो.

'पण ते आमच्यात रोग पसरवतात, त्याचं काय?'

या आक्षेपाला शांतपणे उत्तर द्यायला हवं, कारण त्यामागची भीती खोटी नसते. टीबी हवेतून पसरतो आणि जगात दरवर्षी एक कोटीहून अधिक लोकांना होतो. २०२३ साली त्याने साडेबारा लाख जीव घेतले.

आता पसरण्याचा मुद्दा. रुग्णांमधल्या जंतूंचे जनुकीय ठसे जुळवून कुणाचा संसर्ग कुणाकडून आला याचा माग काढता येतो. कमी टीबी असलेल्या श्रीमंत देशांत असा माग काढला की पुन्हा पुन्हा एकच चित्र दिसतं. परदेशात जन्मलेल्यांचा बहुतेक आजार जुन्या, मायदेशी झालेल्या संसर्गातून उठलेला असतो आणि त्यांच्याकडून स्थानिकांना लागण होण्याचं प्रमाण कमी असतं. ब्रिटनला जाण्याआधी तपासलेल्या सुमारे ५ लाख २० हजार लोकांचा पुढे मागोवा घेणारा अभ्यास २०१६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यांच्यातल्या काहींना नंतर टीबी झाला, पण त्यांच्यापासून इतरांना लागण झाल्याच्या खुणा फारच थोड्या सापडल्या. लागण होते तेव्हा ती बहुधा एकाच घरात, एकाच खोलीत राहणाऱ्या माणसांना होते. म्हणजे सगळ्यात मोठी झळ त्याच समाजाला बसते.

शिवाय संसर्ग नेहमी गरीब देशातून श्रीमंत देशाकडेच जातो असंही नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत लेसोथो, मोझांबिक, एस्वातिनीमधून मजूर येत राहिले. खाणीत खडकाची धूळ फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो आणि सिलिकोसिस झालेल्याला टीबीचा धोका अनेक पटींनी वाढतो. दाटीवाटीच्या निवासात तो पसरतो. आजारी पडलेला मजूर काम सुटून गावी परततो आणि उपचार अर्धवट राहतात. हे मजूर येताना आजार घेऊन आले नव्हते, जाताना घेऊन गेले. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांनी २०१२ साली खाणींतल्या टीबीवर संयुक्त जाहीरनामा काढला. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या न्यायालयाने सिलिकोसिस आणि टीबी झालेल्या खाणकामगारांसाठी सोनेखाण कंपन्यांसोबतच्या सुमारे ५ अब्ज रँडच्या (रँड हे तिथलं चलन) तडजोडीला मान्यता दिली.

हे वाचल्यावर 'बाहेरून आलेला आजार' या शब्दप्रयोगाकडे जरा संशयानेच पाहावंसं वाटतं. एका खोलीत दहा माणसं, हवा खेळत नाही, पोटभर अन्न नाही, वरून कागदपत्रांची चिंता. सुप्त असलेला जंतू अशा ठिकाणी जागा झाला तर त्याचं मूळ कुठल्या देशात शोधायचं? निर्वासितांच्या छावण्यांत हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. जगातल्या निर्वासितांपैकी जवळपास तीन चतुर्थांश कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. म्हणजे जिथे आधीच दवाखाने अपुरे आहेत, तिथे. बांगलादेशातल्या कॉक्स बझारमध्ये ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या आले. बांबू आणि ताडपत्रीच्या एवढ्याशा खोपटात अख्खं कुटुंब झोपतं, तिथे 'रुग्णाला वेगळं ठेवा' हा सल्ला द्यायला कुणाची जीभ रेटेल? तिथे व्हिसाचा एक्स-रे नाही. तिथे उपयोगी पडतो तो झोपडीझोपडीत जाऊन खोकला विचारणारा, त्याच वस्तीतला आरोग्यसेवक.

फिट, अनफिट

तपासणीत टीबी सापडला तर पुढे काय, यावर सगळं ठरतं. अमेरिकेला वसण्यासाठी निघालेल्या निर्वासिताला संसर्गजन्य टीबी निघाला तर त्याचा प्रवास थांबतो, पण अर्ज मरत नाही. आरोग्यसेवकाच्या डोळ्यादेखत रोजची गोळी घेऊन उपचार पूर्ण झाले की तो पुढे जाऊ शकतो. ब्रिटनच्या व्हिसासाठीही उपचार पूर्ण करून पुन्हा तपासणी करता येते.

नोकरीसाठी आखाती देशांत जाणाऱ्यांचा अनुभव वेगळा असतो. मायदेशातल्या नेमून दिलेल्या केंद्रात मेडिकल होतं आणि शिक्का बसतो फिट किंवा अनफिट. जुन्या, पूर्ण बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण एक्स-रेत दिसला तरी अनफिट ठरण्याची धास्ती असते. आधीच कर्ज काढून एजंटला पैसे दिलेल्या माणसासाठी तो शिक्का म्हणजे आजारापेक्षा मोठं संकट. परिणाम उघड आहे. लोक खोकला लपवतात, जुना आजार सांगत नाहीत, दुसऱ्या केंद्रात नशीब अजमावतात. तिथे पोचल्यावर व्हिसाच्या नूतनीकरणाच्या वेळी टीबी निघाला तर परत पाठवणी, हाही नियम अनेक वर्षं सर्रास होता. संयुक्त अरब अमिरातीने २०१६ मध्ये तो बदलला आणि आधीपासून राहणाऱ्यांना परत न पाठवता तिथेच उपचार आणि सशर्त आरोग्य प्रमाणपत्र द्यायची सोय केली.

आजार सांगितला तर शिक्षा होणार असेल तर कुणी सांगणार नाही, आणि न सांगितलेला टीबी इतरांना लागत राहतो. योग्य औषधं सुरू झाली की साधारणपणे काही आठवड्यांतच रुग्णापासून लागण होण्याचा धोका झपाट्याने कमी होतो. म्हणून आपल्या शेजारचा खोकणारा माणूस निर्धास्तपणे दवाखान्यात जावा, यात शेजाऱ्याचाच स्वार्थ आहे.

'फुकट उपचार आमच्या करातून का?'

औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने दोन. औषधं स्वस्त आहेत आणि बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. उपचार उशिरा झाले किंवा अर्धवट सुटले तर जंतू औषधांना सरावतात आणि बहुऔषधरोधक टीबीचा उपचार कितीतरी महाग आणि त्रासदायक असतो. त्यावर अलीकडे सहा महिन्यांचा नवा औषधक्रम आलाय, पण तो स्वस्त मात्र नाही. पैशाचाच हिशेब करायचा तर लवकर आणि मोफत उपचार हा कंजूष माणसाचा पर्याय आहे. ब्रिटनमध्ये म्हणूनच टीबीचे निदान आणि उपचार सगळ्यांना मोफत आहेत, कागदपत्रं असोत वा नसोत.

नियम असूनही भीती राहते. २०१७ साली ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने रुग्णांचे पत्ते गृहखात्याला द्यायचा करार केला. डॉक्टरांच्या संघटनांनी आणि खासदारांनी झोड उठवल्यावर २०१८ मध्ये तो मागे घ्यावा लागला. करार मागे घेता येतो, पण एकदा पसरलेली 'दवाखान्यात गेलं की पोलिसांना कळतं' ही वस्तीतली कुजबुज मागे घेता येत नाही.

कॅनडाने तर एक विचित्र प्रयोग करून पाहिला. २०१२ साली आश्रय मागणाऱ्यांच्या आरोग्यविम्याला कात्री लावली. काही गटांना फक्त जनतेला धोका असलेल्या आजारांपुरतीच सोय उरली. टीबी त्यात बसतो, मग बिघडलं कुठे? खोकला घेऊन आलेल्या माणसाला टीबी आहे की साधी सर्दी, हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि सर्दीची तपासणी विम्यात बसत नाही. निदान होईपर्यंत दाराबाहेर आणि निदान झाल्यावर आत, अशी ही रचना. २०१४ मध्ये तिथल्या न्यायालयाने ही कपात क्रूर ठरवली आणि २०१६ मध्ये सुविधा पूर्ववत झाल्या.

उपचार चालू असताना देश सोडावा लागला तर

सहा महिन्यांचा उपचार आणि उद्याचा ठिकाणा माहीत नसलेला माणूस, हे न जमणारं गणित आहे. पण यावर काम झालेलं आहे. अमेरिकेत क्युअर-टीबी नावाची सरकारी व्यवस्था देश सोडून जाणाऱ्या रुग्णाची नोंद पुढच्या देशातल्या आरोग्य खात्याकडे पोचवते आणि तो तिथे दवाखान्यात पोचला का याचा पाठपुरावा करते. परत पाठवणी होत असलेल्यांसाठीही हे केलं जातं. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनाही अनेक देशांत तपासणी आणि उपचाराची केंद्रं चालवते.

अशी व्यवस्था जिथे नाही तिथे रुग्णाच्या पिशवीतले कागद हीच व्यवस्था. कुणी ओळखीचं टीबीच्या उपचारांवर असेल आणि जायची वेळ आली असेल, तर त्याला काही गोष्टी नक्की सांगा. औषधांची नावं आणि डोस लिहिलेली चिठ्ठी घ्यावी, ब्रँडचं नाव पुरत नाही, मूळ औषधाचं नाव हवं. उपचार कोणत्या तारखेला सुरू झाले आणि आतापर्यंत किती डोस झाले ते लिहून घ्यावं. थुंकीचे आणि कल्चरचे अहवाल, विशेषतः कोणतं औषध चालतं हे सांगणारा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा आणि घरच्या एखाद्याला पाठवून ठेवावा. निदान महिनाभराच्या गोळ्या मागून घ्याव्यात. देतीलच असं नाही, पण मागाव्यात. जुना एक्स-रे टाकून देऊ नये. बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण पुढे प्रत्येक एक्स-रेत दिसत राहतो आणि हा व्रण पूर्वीपासून आहे, वाढलेला नाही, हे दाखवायला जुन्या फिल्मसारखा दुसरा पुरावा नाही.